शेखरच्या बोटीची झाकणं

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

आणि शेखर, गीताच्या तेरवीच्या पंगतीत तू भरल्या ताटावरून उठून गेला तो गेलाच, तेही चप्पल हातात घेऊन. मी वाढून राहिली होती. भाताचं पातेलं माझ्या हातात आणि सख्खा भाऊ फाटकाबाहेर. सारी पंगत माझ्या तोंडाकडे पाहे. गीताच्या नावाचा घास तुह्या ताटात मोडलेला तसाच राहिला, तो मी गाईले घातला. अकरा दिवस झाले. फोन लावते तर तू काटून टाकतं. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो काढून पाठवून राहिली. अंगठा मधात आला असेल तर समजून घे. आशीर्वाद सगळ्यात शेवटी लिहीन, लिहावासा वाटला तर.

काय म्हटलं होतं मी? तूच आधी म्हटलं. शेषराव सुतारानं साधं विचारलं, "शेखरभाऊ, आता दुसरी बोट बांधाची का थांबाचं?" तर तू सगळ्या पंगतीले ऐकू जाईल असं म्हटलं, "माझ्या बोटीत दोष नव्हता. ही बोट बुडत नाही. पुंजाजी नावाड्यानं भार जास्त घेतला." मंग मी म्हटलं, "बोट बुडत नाही तर आपली गीता काय कोरड्या वावरात बुडाली?" यात खोटं काय होतं ते सांग.

तुले बोट पायजे, मले बहीण पायजे. तू बोटीची बाजू घेतली.

आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा, गीता अडीच वर्षांची. मी चौथीत होती, ती चौथीतच राहिली. तुले शाळेत घातलं, गीताले कडेवर घेऊन मळ्यात पाणी धरलं. तू शिकला, जहाजाचं शिकला, कोचीले गेला, मंग बांगलादेशात गेला, गरिबांच्या नद्यांसाठी स्वस्तातल्या बोटी बनवाले. तशीच एक आपल्या घाटालेही बांधून दिली. गावात मी मिरवलं ना. बाजारात मिरची विकता विकता सांगे, माझा भाऊ बोटी बनवते, लोक मरू नये म्हणून. आता बाजारात गेली की बाया गप्प होतात.

गीताले दर्यापूरले दिली, दोन वर्षांत परत आली, तेव्हाही तू नव्हता. ती माझ्यापाशीच राहिली. दर भाऊबीजेले तुह्या फोटोसमोर ताट ठेवे आणि मले म्हणे, "दादा मोबाइलवर आहे, जरा हस वं ताई." यंदा सण नाही, ताट नाही. ती नाही.

मेथीची जुडी पेटीत ठेवून दोन हातांनी दाबून झाकण लावे, तसा तिचा हात अजून दिसते मले.

सत्यवती


१७ नोव्हेंबर २०२४

एक ओळ पाठवली तू. पंधरा दिवसांनी एक ओळ. "ताई, कोणत्या पेटीत मेथी? बोटीच्या पेट्या तर बंद आहेत. झाकण कशाचं?"

बहीण मेली, त्याच्यावर एक अक्षर नाही. पेटीचं विचारतं. ते मले विचारू नको, मी काय इंजिनियर आहे? तू नदीचं विचार, मी सांगते, कारण तू इथं नव्हता आणि नंतर आला तर कोणाशी बोलला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. झेंडू निघाला होता. तुले माहीत आहे आपल्याकडे विहिरीचं पाणी खारं, मळे सारे नदीकाठी. खाली बॅरेजचा बंधारा झाला तेव्हापासून पूर्णेचं पाणी हटत नाही, उन्हाळ्यातही कमरेच्या वर. पुलावरून जायचं तर बत्तीस किलोमीटरचा फेरा, तोवर मूर्तिजापूरचा बाजार उठून जाते. बोटीनं पलीकडे गेलं की जीप उभी. त्या दिवशी सगळ्यांचाच झेंडू होता. फूल हलकं, म्हणून पोत्यावर पोतं. पण आदल्या दिवशी पाऊस पडला होता आणि पोती ओली होती. हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. फुलाले कोण जड म्हणते?

पुंजाजी म्हणे, "बाई, दोन फेऱ्या करू." बायांनी ऐकलं नाही. पहिल्या फेरीचा माल पहिले विकते ना. देवरावची आई पार्वताबाई, सत्तर वर्षांची, तिनंच पहिले पोतं टाकलं. पुंजाजी काय तिले उतरवणार होता? पुंजाजी धरून अकरा माणसं चढली. माझा अर्धा झेंडू तोडायचा होता म्हणून मी मागं राहिली आणि माझ्या जागी गीताले पाठवलं. काठावरून मीच ओरडली, "गीता, मेथी पेटीत घाल, फुलं वर राहू दे." ती हसली. तिनं घातली.

मधात गेल्यावर वारा आला. वरचं पोतं घसरलं, ते धरायले चारजणी एका बाजूले झुकल्या. पाणी कडेवरून आत आलं, पहिले थोडं, मंग बादलीनं ओतल्यासारखं. मी काठावर उभी होती, हातात विळा. बोट उलटली नाही शेखर. ती भरली आणि सरळ खाली गेली, जशी भरलेली घागर जाते. सगळ्या पाण्यावर पिवळी फुलं झाली आणि त्यात डोकी. नऊ डोकी वर आली. मी मोजली. परत मोजली.

पुंजाजीनं तिघींले बाहेर काढलं, चौथ्या वेळी त्याच्याच तोंडातून फेस आला. बाकीचे कसेबसे काठाले लागले. पार्वताबाई सांजेले सापडली. गीता दसऱ्याच्या दिवशी, बॅरेजच्या जाळीपाशी.

मंग त्याच पुंजाजीले पोलिसांनी नेलं होतं. जमानत झाली, पण तो घाटावर येत नाही, घरात भिंतीकडे तोंड करून बसते. त्याची बायको मले म्हणाली, "तुह्या भावानं कागद लिहून दिला बाई. त्यात लिहिलं की बोट बरोबर होती, नावाड्याचा दोष." खरं आहे का हे? तू असा कागद दिला का? वीस डिसेंबरले दर्यापूरले तहसीलमध्ये चौकशी आहे, आमा सगळ्यांचे बयान घेणार. इलेक्शनमुळे तारीख पुढं गेली.

तू तिथं बसून एका भोयाच्या गळ्यात हे बांधून राहिला, ज्यानं तुले लहानपणी पोहणं शिकवलं.

सत्यवती


१ डिसेंबर २०२४

तुह्या तीन ओळी आल्या. कागद दिला म्हणतं, खरंच दिला म्हणतं, कारण ती बोट पाण्यानं काठोकाठ भरली तरी बुडूच शकत नाही असं गणित आहे म्हणतं, आणि पुंजाजीनं काहीतरी केलं असणार म्हणतं. तिथल्या ऑफिसात तुह्या बोटीचं काम थांबवलं हेही लिहिलं. तिकडच्या बारा गावांच्या बोटी अर्ध्या बांधून उभ्या आहेत आणि लोक परत जुन्या डोंग्यात बसून राहिले. आणि परत तेच, झाकण कशाचं.

घे मंग. ऐक.

बोटीत आडव्या तीन पेट्या होत्या, त्यावरच लोक बसत. तू बंद करून दिल्या होत्या, चारी बाजूनं, वरून फायबर लावून. बंद पेटी, रिकामी, कशाच्याही कामाची नाही. मे महिन्यात ऊन असं होतं की मेथी पलीकडे जाईपर्यंत मान टाके. ओलं गोणपाट टाकलं तरी टाके. आणि खाली तीन पेट्या, थंडगार, सावलीत, रिकाम्या. बाईले रिकामी पेटी दिसली की तिच्यात काही ठेवल्याशिवाय राहवत नाही, तुले नाही समजणार.

आणि तूच म्हटलं होतं. जाताना मले म्हटलं, "ताई, एकच लक्षात ठेव, ओझं जितकं खाली तितकी बोट शहाणी." मी तेच लक्षात ठेवलं. पेटीपेक्षा खाली काय आहे बोटीत?

मी शेषरावले बोलावलं. तो म्हणे, "शेखरभाऊले फोन करून विचारू का ताई?" मी म्हटलं, "मी त्याची बहीण आहे. त्याले मी अंग पुसून शाळेत पाठवलं, त्याच्या पेटीले झाकण करायले मले त्याची परवानगी?" त्यानं करवत घेतली. चांगलं काम केलं त्यानं, बिजागऱ्या लावल्या, कडी लावली. तीनही पेट्यांले. दोन माझ्या, एक बाकी बायांची. दीड वर्ष आमची मेथी, पालक, सांबार-कोथिंबीर हिरवीगार पलीकडे गेली. मूर्तिजापूरचे व्यापारी विचारत, "बर्फात ठेवता का बाई?" सगळं गाव म्हणे शेखरनं काय डोकं लावलं, भाजी ठेवायले पेट्या केल्या. मी ऐकून घेई. तुह्या नावावर खपून गेलं.

चौकशीवाल्यांनी गावातल्या मोबाइलमधले बोटीचे जुने फोटो नेले त्यात झाकणं आहेत. त्यायले वाटलं बोट अशीच असते. तुले फोटो पाठवले असतील, तू पाहिले नसतील. नाहीतर पाहिले असतील आणि समजलं असेल, आणि तरी मले विचारून राहिला, मी सांगते का नाही ते पाहाले.

मागच्या आठवड्यात बॅरेजचं पाणी सोडलं. पाणी उतरलं आणि आपल्या घाटाच्या खाली बोट उघडी पडली, गाळात तिरपी. मी एकटी गेली. मधली पेटी उघडली. मेथी आत होती. काळी झालेली, लिबलिबीत, पण जुड्या सुटल्या नव्हत्या. गीता जुडीले केळीच्या सोपटाचे दोन वेढे देई आणि शेपूट आत खोवे. मी एकच वेढा देते. सगळ्या जुड्या दोन वेढ्यांच्या होत्या.

मी तिथं बसून होती तर शेषराव आला. त्याच्या हातात हातोडी आणि खिळ्यांची पिशवी. मीच आदल्या दिवशी त्याले सांगतलं होतं आणायले. हे लिहायचं नव्हतं मले, पण लिहिलं. तो म्हणे, "ताई, वरून पट्टी मारून टाकतो, गाळ लावून देतो. चौकशीवाले परत आले तर बंदच दिसन. फोटोचं म्हणू, बसायची फळी हाय." मी म्हटलं, "मार." त्यानं पहिला खिळा तोंडातून काढला, आणि माझ्या हातात ती जुडी होती.

मी म्हटलं, "राहू दे. जा घरी."

तो म्हणे, "माह्यंही नाव येईन ना ताई."

मी म्हटलं, "तुह्यं नाव मी सांगणार नाही. करवत तुही, हुकूम माझा."

तो गेला. खिळे गाळात सांडले ते वेचत गेला.

आता तुले झाकण कशाचं ते समजलं.

सत्यवती


८ डिसेंबर २०२४

दोन निळ्या रेघा आल्या, त्याले सात दिवस झाले. तू वाचलं. एक शब्द नाही. तुले माझा राग आला असेल, येऊ दे. की तुले मोकळं वाटलं आणि त्या मोकळं वाटण्याची लाज वाटून राहिली? तुले मी लहानपणापासून ओळखते. दुसऱ्याची चूक निघाली की तू असाच गप्प होऊन बसे.

पण मी अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं लिहिते, मंग माझ्यापाशी काही नाही.

बोट पाण्यात सोडली तो दिवस आठव. तू कलेक्टर ऑफिसचे साहेब आणले, पलीकडचे सरपंच, पेपरवाला. घाटावर मंडप. तू बोटीत बादल्या बादल्या पाणी ओतायले लावलं, काठोकाठ, आणि सगळ्यांले दाखवलं की पाण्यानं भरली तरी खाली जात नाही, त्या बंद पेट्यांतल्या हवेनं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणतात. म्हणतात. मी नव्हती तिथं. मी घरात तुह्या तीस पाहुण्यांसाठी पुरण वाटून राहिली होती. गावातल्या साऱ्या बाया माझ्याकडे पोळ्या लाटून राहिल्या होत्या. बोट रोज भरणाऱ्या, उतरवणाऱ्या, बसणाऱ्या. सगळ्या चुलीपाशी. घाटावर तीस माणसं, त्यातला एकही भाजीचं टोपलं घेऊन कधी पलीकडे गेला नाही.

तू घरी आला, जेवला, मले म्हटलं, "ताई, ओझं खाली ठेव." बाकीचं मले सांगायची गरज वाटली नाही तुले. मले समजणार नाही वाटलं. आणि मीही विचारलं नाही, कारण मले वाटलं तुले वाटेल की मले समजत नाही.

फक्त गीता गेली होती. बादल्या भरून द्यायले बायामाणसं कमी पडली म्हणून तिले कोणीतरी बोलावलं. तिनं पाहिलं.

शेषरावनं करवत लावली त्या दिवशी ती उभी होती. ती म्हणाली, "ताई, थांब ना. दादानं ह्या बंद ठेवाले सांगतलं होतं. ह्यात हवा हाय. मी माह्या हातानं बादल्या देल्या, बोट भरली तरी वरच राहिली."

मी काय म्हटलं? नीट लिहिते, जसं म्हटलं तसं. मी म्हटलं, "नवऱ्याचं घर नाही सांभाळता आलं, आता मले बोटीचं शिकवतं का? हवेनं कोणाचं पोट भरते?"

शेषरावची करवत थांबली. तिनं खाली पाहिलं. मंग तीच वाकली आणि पेटीवरचा धूळबुकटा हातानं पुसून दिला, करवत नीट चालावी म्हणून. परत कधी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. दीड वर्ष त्याच पेटीत मेथी भरत गेली, दोन हातांनी दाबून झाकण लावत. तिले माहीत होतं शेखर. साऱ्या गावात तिलेच एकटीले माहीत होतं, आणि मी तिले गप्प केलं, आणि तिलेच त्या बोटीत बसवलं.

म्हणून पंगतीत मी तुह्यावर ओरडली. कोणावर तरी ओरडणं गरजेचं होतं.

आता माझं ऐक. वीस तारखेले मी तहसीलमध्ये जाऊन हे सगळं सांगणार आहे. झाकणं मी करून घेतली, झाकणानं काय होते ते पुंजाजीले माहीत नव्हतं, तो दोन फेऱ्या करू म्हणत होता आणि बायांनी ऐकलं नाही. तू काही लिहिलं तरी सांगणार, नाही लिहिलं तरी सांगणार. माझं काय करायचं ते करू दे त्यायले. पुंजाजी घाटावर आला पायजे. काल त्याच्या घरी जाऊन त्याले सांगून आली. त्यानं भिंतीकडचं तोंड फिरवलं नाही. एवढंच म्हणाला, "शेखरची बोट चांगली होती वं सत्यवती. वल्हं असं हलकं जाये." त्याच्या बायकोनं चहा ठेवला, तो तसाच ठेवून मी उठली.

तुह्या कागदातलं नावाड्याचं नाव तू काढ. ते माझं काम नाही, तुह्यं आहे. आणि त्या बारा गावांच्या बोटी बांध. इथंही बांध, ह्या नदीले बोट लागतेच, पार्वताबाईची सून परवापासून जुन्या डोंग्यात बसून पलीकडे जाऊन राहिली, पोट थांबत नाही. पण आता पाण्यात सोडशील तेव्हा साहेबांले पोळी खाऊ घालत बसू नको. चुली विझव आणि बायांले घाटावर ने. त्यायच्या हातानं बादल्या ओतून घे. आणि भाजी ठेवायले सावलीची एखादी जागा वेगळी कर, नाहीतर माझ्यासारखी कोणी करवत मागेलच. तुह्या गणितात मेथी नव्हती, हे तुह्यं चुकलं. एवढंच तुह्यं चुकलं.

आणि एक गोष्ट मले पायजे. ती तूच सांगू शकतं, दुसरं कोणी नाही. गावातले लोक म्हणतात नशीब. तहसीलदार काही म्हणेल. मले त्यायचं नको. तू गणित कर. बोट कागदावर तूच काढली, पेट्या तूच मोजल्या. अकरा माणसं, तुले सगळ्यांची नावं माहीत आहेत म्हणून लिहीत नाही, गीता अंगानं बारीक होती. झेंडूची सतरा पोती, ओली. वारा पश्चिमेचा. पेट्या बंद असत्या तर बोट भरून तशीच वर राहिली असती का, आणि गीताले धरायले काठ राहिला असता का?

मले समजूत नको. "ताई, तू मनाले लावून घेऊ नको" असं लिहिलं तर मी ते वाचणार नाही. तुले काय वाटते तेही नको. हो, नाहीतर नाही. तहसीलमध्ये पायरी चढायच्या आधी मले हे माहीत पायजे, मी तिथं कशाचं बयान देऊन राहिली. माझ्या चुकीचं की गीताच्या मरणाचं.

खोटं लिहिलं तर मले समजेल. तू खोटं बोलला की पहिले माझं नाव घेतं, लहानपणापासून.

बुधवारी, अठरा डिसेंबरले, दिवस मावळेपर्यंत वाट पाहीन. एक शब्द लिही.

तुही ताई,
सत्यवती